सेगावचा पाहुणा : लॉर्ड लोथियन आणि मताचा प्रश्न

१

मराठी चरित्रवाङ्मयात लॉर्ड लोथियन हे नाव मुख्यतः दोन ठिकाणी भेटते. डॉ. आंबेडकरांच्या चरित्रात ते १९३२ सालच्या प्रकरणात 'लोथियन समिती' या जोडशब्दातून येते, आणि गांधीजींच्या चरित्रात १९३८ सालच्या आरंभी सेगावला येऊन राहिलेल्या पाहुण्यांत. पहिल्या ठिकाणी हे नाव एखाद्या कचेरीसारखे, म्हणजे माणूस नसल्यासारखे येते. दुसऱ्या ठिकाणी तो मातीच्या झोपडीत तीन दिवस काढणारा कौतुकाचा इंग्रज असतो. दोन्ही चरित्रे वाचलेल्या वाचकालाही या दोन नावांमागे एकच माणूस आहे हे सहसा जाणवत नाही. आपल्याकडे आंबेडकरी चरित्रपरंपरा आणि गांधीवादी चरित्रपरंपरा एकमेकींकडे पाठ फिरवून उभ्या राहिल्या. त्यामुळे दोघींच्या मधून गेलेली माणसे अर्धी अर्धी वाटली गेली.

हा माणूस पुन्हा एकत्र जोडून पाहावा एवढाच या लेखाचा हेतू आहे. यामागे केवळ चरित्रात्मक कुतूहल नाही. मत देण्याचा अधिकार कोणाला असावा, आणि तो कोणी ठरवावा, हा प्रश्न या माणसाच्या आयुष्यातून जितक्या विचित्र रीतीने पुढे येतो तितका क्वचितच कुणाच्या आयुष्यातून येत असेल. ज्याने स्वतः जन्मात एकही निवडणूक लढवली नाही, त्या वंशपरंपरागत उमरावाकडे कोट्यवधी भारतीयांपैकी कोणी मत द्यावे हे सुचवण्याचे काम आले. सहा वर्षांनी तोच उमराव वर्ध्याजवळच्या एका खेड्यात जाऊन राहिला. त्या खेड्यातल्या बहुसंख्य शेतमजुरांना त्याच्या योजनेने मत दिलेले नव्हते.

२

फिलिप हेन्री कर यांचा जन्म १८ एप्रिल १८८२ रोजी लंडनला झाला. वडील लॉर्ड राल्फ कर हे सैन्यात मेजर जनरल होते, आणि आई नॉरफोकच्या ड्यूकच्या कट्टर कॅथलिक घराण्यातली. लोथियनचे मार्क्विस हे स्कॉटलंडमधले जुने घराणे. पण फिलिप त्याच्या धाकट्या शाखेतले, त्यामुळे पदवी त्यांच्याकडे येईल असे लहानपणी कोणी गृहीत धरलेले नव्हते. बर्मिंगहॅमच्या ऑरेटरी शाळेत आणि मग ऑक्सफर्डच्या न्यू कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले, आणि १९०४ साली इतिहासात त्यांना पहिला वर्ग मिळाला.

पुढच्याच वर्षी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. बोअर युद्धानंतर लॉर्ड मिल्नर यांनी ऑक्सफर्डच्या तरुणांचा एक गट राज्यकारभारासाठी तेथे गोळा केला होता. विरोधकांनी या गटाला 'मिल्नरची बालवाडी' असे नाव ठेवले आणि ते इतिहासात टिकले. ट्रान्सवाल, केप, नाताळ आणि ऑरेंज नदीचा प्रदेश यांना जोडून एक राज्य करावे, हे या तरुणांचे ध्येय होते. त्यासाठी निघालेल्या 'द स्टेट' या मासिकाचे संपादन कर यांनी केले. १९१० साली दक्षिण आफ्रिकेचे संघराज्य अस्तित्वात आले. चार वसाहती एक झाल्या. मात्र केप सोडता कृष्णवर्णीयांना मत नव्हते, आणि संसदेत बसण्याचा हक्क केवळ गोऱ्यांनाच होता.

येथे मराठी वाचकाने थोडे थांबावे. याच वर्षांत, याच जोहान्सबर्ग शहरात, मोहनदास करमचंद गांधी नावाचे वकील हिंदी लोकांच्या सक्तीच्या नोंदणीविरुद्ध सत्याग्रह उभारत होते. ज्या आशियाई नोंदणीच्या कायद्याला 'काळा कायदा' म्हटले गेले, त्याच्या उगमाशी असलेले लायोनेल कर्टिस हे याच बालवाडीतले, कर यांचे आयुष्यभराचे मित्र. संघराज्याची भव्य इमारत उभारणारे एका बाजूला, आणि त्या इमारतीच्या दाराशी बोटांचे ठसे द्यायला नकार देणारे दुसऱ्या बाजूला. सेगावच्या भेटीची खरी पूर्वपीठिका येथेच सुरू होते.

३

इंग्लंडला परतल्यावर कर यांनी १९१० साली सुरू झालेल्या 'द राउंड टेबल' या त्रैमासिकाचे संपादन केले. १९११-१२ मध्ये ते हिंदुस्थानात फिरून गेले. त्यानंतर त्यांची प्रकृती आणि मन दोन्ही ढासळली. या काळात त्यांची आईकडून आलेली कॅथलिक श्रद्धा सुटली, आणि १९१४ साली ते 'ख्रिश्चन सायन्स' या, औषधोपचारापेक्षा प्रार्थनेवर विश्वास ठेवणाऱ्या, पंथात गेले. पंथांतराच्या या निर्णयाला त्यांच्या आयुष्याच्या शेवटी फार मोठी किंमत पडायची होती.

१९१६ पासून १९२१ पर्यंत ते पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांचे खासगी सचिव होते. या नात्याने ते पॅरिसच्या शांतता परिषदेत वावरले. युद्धाची जबाबदारी जर्मनीवर टाकणारे जे उत्तर मित्रराष्ट्रांनी जून १९१९ मध्ये जर्मन शिष्टमंडळाला दिले, त्याचा मसुदा प्रामुख्याने त्यांच्याच हातचा. पुढे या मसुद्याबद्दल त्यांच्या मनात अपराधाची भावना घर करून राहिली. जर्मनीवर अन्याय झाला आहे, तो दूर केला तर जर्मनी शांत होईल, या समजुतीने ते १९३५ आणि १९३७ मध्ये हिटलरला भेटून आले, आणि तडजोडवाद्यांच्या गटात गणले गेले. मार्च १९३९ मध्ये जर्मन सैन्य प्रागमध्ये शिरल्यावर त्यांनी आपले मत बदलले.

मार्च १९३० मध्ये चुलतभाऊ निपुत्रिक वारल्याने फिलिप कर हे लोथियनचे अकरावे मार्क्विस झाले. आपल्याकडे 'लॉर्ड' या शब्दाचा 'लाट' झाला आणि तो गव्हर्नराला चिकटला. 'लाटसाहेब' म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे हुकूम देणारा अधिकारी येतो. पण वंशपरंपरागत उमरावपद ही अधिकाऱ्याची नेमणूक नसते. ते आपल्या वतनदारीच्या जवळचे आहे. देशमुखी जशी बापाकडून मुलाकडे जात असे, तशी उमरावसभेतली जागाही रक्ताच्या नात्याने येत असे. भावाच्या मृत्यूने फिलिप कर एका दिवसात ब्रिटनच्या कायदेमंडळाचे सभासद झाले. १९९९ सालच्या कायद्याने बहुतेक वंशपरंपरागत उमरावांची ही जागा गेली. पण १९३० मध्ये तिच्याबद्दल कोणी सभासदाला जाब विचारत नव्हते.

या वतनाबरोबर वतनाचा बोजाही आला. चार मोठी घरे, हजारो एकर जमीन, आणि मृत्युकरापोटी सरकारला द्यायची सुमारे तीन लक्ष पौंडांची रक्कम. या बोज्याचे त्यांनी पुढे काय केले ते शेवटी पाहू.

४

गोलमेज परिषदेत लोथियन लिबरल पक्षाच्या बाजूने बसले होते. १९३१ च्या अखेरीस ते हिंदुस्थानच्या खात्याचे उपमंत्री झाले, आणि त्यांच्या अध्यक्षतेखाली मताधिकार समिती नेमली गेली. जानेवारी १९३२ मध्ये समिती हिंदुस्थानात आली तेव्हा गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात होते आणि काँग्रेसने समितीवर बहिष्कार घातला होता. समितीत डॉ. आंबेडकर होते. आपल्या भागातले आणखी दोघे होते : अमरावतीचे श्रीपाद बळवंत तांबे, ज्यांनी १९२९ मध्ये मध्यप्रांताचे हंगामी गव्हर्नर म्हणून काम पाहिले होते, आणि भारत सेवक समाजाचे, कामगार चळवळीतले रा. रा. बखले. स्त्रिया दोन : मिस मेरी पिकफर्ड आणि राधाबाई सुब्बरायन.

प्रौढ मताधिकार तात्काळ अमलात आणणे अशक्य आहे, असे समितीने ठरवले. कारणे प्रशासकीय होती : इतके मतदार, इतकी केंद्रे, इतके अधिकारी, इतकी निरक्षरता. मग मताला कुंपण कोणते घालायचे? जमीनमहसूल किंवा खंड, घरपट्टी, शिक्षणाचा दाखला, सैन्यातली नोकरी, आणि स्त्रियांसाठी नवऱ्याची मिळकत. या कुंपणातून मतदारांची संख्या सुमारे ७० लाखांवरून सुमारे ३ कोटी ६० लाखांवर जाणार होती. स्त्रीमतदार सुमारे ३ लाख १५ हजार होते, ते ६६ लाखांच्या आसपास जाणार होते. हे आकडे लहान नाहीत. एका फटक्यात मतदार पाचपट करण्याची शिफारस करणारा अहवाल प्रतिगामी म्हणून झटकून टाकता येत नाही. परंतु पाचपट झाल्यावरही प्रौढ लोकसंख्येचा तीन चतुर्थांशाच्या आसपास भाग बाहेरच राहत होता, आणि त्यात कोण होते हे सांगायला आकडेमोड लागत नाही. ज्याच्या नावावर काही नाही तो बाहेर होता, आणि ज्याच्या नावावर काही नाही त्याची बायको दुप्पट बाहेर होती.

डॉ. आंबेडकरांच्या दृष्टीने या समितीचा सर्वांत कसोटीचा भाग होता अस्पृश्यांच्या गणतीचा. प्रतिनिधित्व मागायचे तर आधी संख्या हवी. आणि संख्येचा प्रश्न पुढे येताच काही प्रांतांतल्या साक्षीदारांनी आणि प्रांतिक समित्यांनी आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच, असा पवित्रा घेतला. शतकानुशतके ज्यांना सावलीवरून ओळखले, त्यांना कागदावर मोजायची वेळ येताच ते दिसेनासे झाले. १ मे १९३२ च्या आपल्या स्वतंत्र टिपणात डॉ. आंबेडकरांनी अस्पृश्यतेची कसोटी काय असावी हे तपासले. स्पर्शाने वा सान्निध्याने विटाळ मानला जातो का, देवळाची दारे बंद आहेत का, हे पाहावे; दारिद्र्य किंवा निरक्षरता यांत हा प्रश्न विरघळवू नये. मराठी गद्याचा अभ्यास करणाऱ्यांनी हे इंग्रजी टिपण अवश्य वाचावे. 'बहिष्कृत भारत'मधला वादपटू लेखक येथे सरकारी अहवालाच्या कोरड्या भाषेत तेच काम किती संयमाने करतो, ते पाहण्यासारखे आहे.

समितीने अस्पृश्यांसाठी मताच्या अटी खाली आणाव्यात, आणि प्रत्येक प्रांतात त्यांच्यापैकी साधारण दहा टक्के लोक मतदार व्हावेत, अशी दिशा दिली. तांबे, बखले आणि सी. वाय. चिंतामणी यांनी आपली भिन्नमतपत्रिका जोडली. पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे : १६ ऑगस्ट १९३२ चा जातीय निवाडा, येरवड्यातले उपोषण आणि २४ सप्टेंबरचा पुणे करार. पुणे कराराच्या वादात 'विभक्त की संयुक्त मतदारसंघ' हा प्रश्न इतका मोठा झाला, की 'मूळ मत किती जणांना' हा प्रश्न झाकला गेला. लोथियन समिती विस्मृतीत गेली याचे हेही एक कारण असावे.

५

१९३५ चा कायदा झाला, १९३७ च्या निवडणुका झाल्या, आणि ज्या काँग्रेसने समितीवर बहिष्कार घातला होता तिनेच लोथियन यांच्या कुंपणातल्या मतदारांकडून अनेक प्रांत जिंकले. मध्यप्रांत-वऱ्हाडात डॉ. ना. भा. खरे मुख्यमंत्री झाले. ही नवी सरकारे पाहावीत, आणि कायद्याचा राहिलेला भाग, म्हणजे संस्थानांसह अखिल भारतीय संघराज्य, काँग्रेसने स्वीकारावा असे वाटून लोथियन पुन्हा हिंदुस्थानात आले. जानेवारी १९३८ मध्ये ते सेगावला गांधीजींकडे तीन दिवस राहिले.

त्या वेळचा वर्धा डोळ्यांपुढे आणला पाहिजे. आज सिंदी मेघे, सावंगी मेघे, बोरगाव मेघे, पिपरी मेघे ही गावे शहराला चिकटून वाढली आहेत आणि सेवाग्रामचा रस्ता डांबरी आहे. १९३८ मध्ये शहराची वस्ती संपली की काळी जमीन, कपाशी आणि बैलगाडीची वाट. ३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी या वाटेने सेगावला राहायला गेले होते. गावात दलितांची वस्ती मोठी होती. गावचे मालगुजार जमनालाल बजाज, म्हणजे त्या गावापुरते तेच 'लॉर्ड' म्हणायचे. त्यांनी १९२८ साली वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले होते. झोपड्यांच्या उभारणीची देखरेख मीराबेनकडे, आणि त्याही ब्रिटिश अॅडमिरल सर एडमंड स्लेड यांच्या कन्या. सेगाव हे नाव तेव्हा चालू होते; शेगावच्या टपालाशी होणाऱ्या घोटाळ्यामुळे १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. तीन महिन्यांपूर्वी, ऑक्टोबर १९३७ मध्ये, वर्ध्यालाच शिक्षण परिषद भरून नई तालीमची योजना पुढे आली होती. गांधीजी रक्तदाबाने थकलेले, जुहूला विश्रांती घेऊन नुकतेच परतलेले होते.

या भेटीचे वर्णन सहसा साधेपणाच्या चमत्काराच्या अंगाने केले जाते : पाहा, इतका मोठा लॉर्ड मातीच्या घरात राहिला. या कौतुकात आपल्याच मनातल्या लाटसाहेबाची सावली आहे. लोथियन स्वतः व्यक्तिगत जीवनात साधे, अविवाहित, मद्य न घेणारे होते. त्यांना झोपडीचे अवघड वाटले असेल असे मानायचे कारण नाही. अवघड होता तो मतभेद, आणि तो दोन प्रामाणिक विचारांमधला होता.

लोथियन यांचे म्हणणे १९३५ सालच्या त्यांच्या एका व्याख्यानात पूर्णपणे आले आहे. त्याच्या शीर्षकाचा आशय असा की शांततावाद पुरेसा नाही आणि देशभक्तीही पुरेशी नाही. युद्धे माणसांच्या दुष्टपणाने होतात यापेक्षा राष्ट्रांच्या डोक्यावर कायदा नसतो म्हणून होतात; म्हणून राष्ट्रांनी सार्वभौमत्वाचा काही भाग एका संघराज्याला द्यावा, तरच शांतता येईल. ब्रिटिश संघराज्यवाद्यांचे हे लेखन पुढे इटलीत व्हेन्टोटेने बेटावर कैदेत असलेल्या अल्तिएरो स्पिनेल्ली यांच्यापर्यंत पोहोचले. १९४१ च्या त्यांच्या जाहीरनाम्यातून युरोपीय ऐक्याचा एक धागा निघाला, तो असा. गांधीजींची दिशा उलट होती. त्यांचा आरंभ वरच्या कायद्यापासून नव्हता; तो खेड्यातल्या माणसापासून होता. संघराज्य वरून बांधले आणि खालचा माणूस भित्रा, भुकेला, मतहीन राहिला, तर ते बांधकाम कोणासाठी? दक्षिण आफ्रिकेत या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पाहिलेले होते.

संघराज्याच्या प्रश्नावर लोथियन यांना यश आले नाही. महिन्याभराने हरिपुरा अधिवेशनात काँग्रेसने प्रस्तावित संघराज्य स्पष्टपणे नाकारले. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू होताच व्हाइसरॉयने ते बासनात बांधले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीपर्यंत काँग्रेसची प्रांतिक मंत्रिमंडळेही गेली. तरी लोथियन यांनी संवाद तोडला नाही. पंडित नेहरूंशी त्यांचा दीर्घ पत्रव्यवहार होता, आणि १९३८ च्या उन्हाळ्यात नेहरू त्यांच्या ब्लिकलिंगच्या घरी राहून आले.

६

ऑगस्ट १९३९ मध्ये लोथियन अमेरिकेत ब्रिटनचे राजदूत म्हणून गेले. हिटलरशी तडजोड करू पाहणारा हा माणूस आता त्याच्याविरुद्ध अमेरिकेची मदत मिळवत होता. सप्टेंबर १९४० मध्ये नाविक तळांच्या मोबदल्यात ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला मिळाल्या. ब्रिटनची तिजोरी रिकामी होत आहे हे त्यांनी नोव्हेंबरमध्ये उघडपणे सांगितले, आणि त्यातून पुढच्या मदतीच्या कायद्याची वाट मोकळी झाली. पण शरीर थकले होते. मूत्रपिंडाचा विकार बळावला तरी पंथाच्या श्रद्धेनुसार त्यांनी डॉक्टर नाकारला. ११ डिसेंबरला बाल्टिमोरमधले त्यांचे भाषण दुसऱ्याला वाचावे लागले, आणि १२ डिसेंबर १९४० रोजी वॉशिंग्टनला त्यांचे निधन झाले. गांधीजींचाही औषधांवर अविश्वास होता. परंतु जानेवारी १९२४ मध्ये पुण्याच्या ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांच्या हातून त्यांनी अपेंडिक्सची शस्त्रक्रिया करून घेतली होती. श्रद्धेला किती ताणायचे याचा हिशेब दोघांनी वेगळा केला.

आता त्या वतनाच्या बोज्याकडे येऊ. १९३४ साली लोथियन यांनी ब्रिटनच्या नॅशनल ट्रस्टपुढे असे मांडले, की करांच्या ओझ्याखाली मोडत असलेली जुनी सरदारी घरे मालकांनी या संस्थेला द्यावीत आणि सरकारने त्यासाठी करात सूट द्यावी. १९३७ मध्ये तसा कायदा झाला. त्यांनी न्यूबॅटल अॅबी हे आपले घर प्रौढशिक्षणाच्या विद्यालयाला देऊन टाकले. नॉरफोकमधले सतराव्या शतकातले ब्लिकलिंग हॉल, बारा हजारांहून अधिक ग्रंथांचे ग्रंथालय आणि सुमारे साडेचार हजार एकर जमीन यांसह, मृत्युपत्राने नॅशनल ट्रस्टकडे गेले. ते गेले तेव्हा घरात उमराव नव्हते, वैमानिक होते. १९४० मध्ये शेजारी ओल्टन येथे शाही हवाई दलाचा तळ झाला, आणि त्याच्या अधिकाऱ्यांची राहण्याजेवणाची सोय या वाड्यात करण्यात आली. वाड्याभोवतीच्या उपवनात पत्र्याच्या झोपड्या उभ्या राहिल्या. तेथून विमाने रात्रीच्या मोहिमांवर जात, आणि सगळी परत येत नसत. वंशाने मिळालेल्या घरात वंश न विचारता माणसे राहिली, ती अशी, मरणाच्या सोबतीने.

'विश्वस्त' हा शब्द गांधीजींनी जमनालालजींसारख्या धनिकांपुढे ठेवला होता, आणि 'ट्रस्ट' हा शब्द लोथियन यांनी इंग्लंडच्या जमीनदारांपुढे ठेवला. दोन्ही शब्द एकच. पण लोथियन यांचा विश्वस्त कायद्याने आणि करसवलतीने घडतो, तर गांधीजींचा मालकाच्या मनःपरिवर्तनाने. आपल्याकडे काय घडले? मालगुजारी मनःपरिवर्तनाने गेली नाही. मध्यप्रदेशाच्या १९५० सालच्या कायद्याने ती गेली. या एका बाबतीत इतिहास सेगावच्या यजमानापेक्षा पाहुण्याच्या बाजूने झुकला, असे म्हणावे लागते.

मताच्या बाबतीत मात्र तो दोघांनाही ओलांडून समितीतल्या तिसऱ्या माणसाकडे गेला. गोलमेज परिषदेत प्रौढ मताधिकाराची मागणी करणारे डॉ. आंबेडकर राज्यघटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले, आणि घटनेच्या ३२६ व्या कलमाने महसूल, घरपट्टी, दाखला, नवऱ्याची मिळकत ही सारी कुंपणे काढून टाकली. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे १७ कोटी ३० लाख मतदार होते, आणि त्यांतले बहुसंख्य निरक्षर होते. १९३२ च्या अहवालाने जे अशक्य ठरवले होते, ते वीस वर्षांत घडले. लोखंडी मतपेट्या आणि पक्षांची चित्रचिन्हे यांनी प्रशासकीय अडचण सुटली. अडचण निरक्षरतेची नव्हती. निरक्षर माणसावर विश्वास टाकण्याची होती.

आता 'लोथियन समिती' आणि 'सेगावचे पाहुणे लॉर्ड लोथियन' ही दोन नावे एकत्र वाचली, तर एक चित्र दिसते. झोपडीच्या ओट्यावर बसून दोन माणसे जगाच्या शांततेबद्दल बोलत आहेत. वाटेने कपाशी वेचून परतणारी बाई जाते आहे. त्या दोघांपैकी एकाने तिच्यासाठी कायद्याची वाट आखली होती, दुसऱ्याने तिच्या गावात येऊन राहायचे ठरवले होते, आणि तरीही १९३८ च्या त्या जानेवारीत तिचे नाव मतदारयादीत असण्याची शक्यता फारच थोडी होती. या चित्रात त्या ओट्यावर नसलेल्या तिसऱ्या माणसाची जागा रिकामी आहे. ती जागा लक्षात घेऊन ही दोन चरित्रे शेजारी ठेवून वाचायला हवीत.